कॉम्प्युटरचा डबा आणि चाफ्याचं तेल

माझं नाक पहिल्यापासून तिखट. दूध नासायच्या आधी मला कळतं. शेजारच्या घरात बोंबील भाजत असले तर ते यंदाचे की गेल्या सालचे, हे मी आमच्या ओट्यावर बसून सांगते. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "प्रेमलाच्या नाकाला कोणीतरी बूच मारा रे." नाकाला कोणी मारलं नाही. तोंडाला तर मारायची कोणाची छातीच झाली नाही.

हे नाकाचं पुराण मी उगाच लावलेलं नाही. मला ॲन्सेल्म तुस्कानोंबद्दल सांगायचंय, आणि त्यांची गोष्ट माझ्या या नाकावाचून सांगता येत नाही. दुसरं कोणी ती सांगेल असं वाटत नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. भाऊबंद बांद्र्याला गेले ते तिकडचेच झाले. आणि ज्या कामात त्यांनी जीव ओतला, त्या कामावर कोणी आपलं नाव लिहीत नाही. रंगावर कोण कधी नाव लिहितं?

सत्याऐंशी साल होतं. वसई स्टेशनच्या पूर्वेला तेव्हा शेडी उठायला लागल्या होत्या. आज भाताचं खाचर दिसतंय तिथं उद्या पत्र्याचं छप्पर. आमचे मालक तुळशीदासभाऊ चौधरी मूळचे बागायतदार. केळीची वाडी धाकट्या भावाच्या हवाली करून त्यांनी गोखिवऱ्याच्या रस्त्याला पावडर कोटिंगची शेड टाकली. मी नवघरहून चालत कामाला जायची. बायका विचारायच्या, "पावडर? म्हणजे तोंडाला लावायची?" मग मी समजावून सांगायची. लोखंडी पत्रा आधी टाक्यांमधून धुऊन काढायचा, म्हणजे त्याचा गंज आणि तेलकटपणा जातो. मग तो हुकाला टांगायचा. मग गनमधून रंगाची सुकी भुकटी त्याच्यावर उडवायची, ती विजेमुळे पत्र्याला धरून राहते. शेवटी भट्टीत घालायचा, की भुकटी वितळून पत्र्यावर रंगाची साय धरते. टाक्यांवर शत्रुघ्न नावाचा माणूस होता, हूक लावायला आणि तयार माल तपासायला मी, आणि गन ॲन्सेल्मकाकांच्या हातात.

काका वसई गावाजवळच्या सांडोरचे. पन्नाशी उलटलेली, उंच, काटक, अंगात स्वच्छ धुतलेला खाकी शर्ट, आणि डोक्यावर दाट पांढरे केस मागे वळवलेले. आधी मुंबईत एका गॅरेजात मोटारी रंगवायचे. बोलणं अगदी मोजकं. मी एका दिवसात जेवढं बोलते तेवढं त्यांना वर्षभर पुरलं असतं. त्यांची बायको, ग्रेसी, दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली. एकदा डबा खाताना म्हणाले, "शेडमध्ये तुमची मराठी, रस्त्यावर हिंदी. घरात आम्ही दोघं आमचं जे बोलायचो ते आता कोणाशी बोलू, बाय?" मी म्हटलं, "माझ्याशी बोला. मी शिकेन." ते नुसते हसले. त्या बोलण्याची शिकवणी लागत नाही, एवढं मलाही कळत होतं.

आता वासाचं सांगते. आमच्या शेडमध्ये टाक्यांतल्या ॲसिडचा वास, तापलेल्या पत्र्याचा वास, पावडरीचा घशाला खाजवणारा कोरडा वास. या सगळ्यांतून वाट काढत एक वास माझ्यापर्यंत यायचा, सोनचाफ्याचा. आणि तो काकांच्या डोक्याला यायचा. मी काय गप्प बसणार? पहिल्याच आठवड्यात विचारलं, "काका, तेल कुठलं हो लावता?"

ते बिचकले. मग म्हणाले, "ग्रेसीचं."

वाडीतले नारळ खवून, त्यांचं दूध काढून, ते चुलीवर आटवून ग्रेसी घरीच तेल काढायची आणि त्यात दारच्या चाफ्याच्या पाकळ्या घालायची. तिनं शेवटच्या उन्हाळ्यात काढलेलं तेल एका मोठ्या बाटलीत उरलं होतं. काका रोज सकाळी त्यातलं थोडंसं तळहातावर घ्यायचे आणि डोक्याला चोळायचे. झाडं होती, नारळ होते, चाफाही दारात फुलत होता. शेजारच्या इनेझबायनं तसंच तेल एकदा काढूनही दिलं होतं.

"चांगलं होतं," काका म्हणाले. "पण ते नुसतं तेल होतं."

तोवर आमची शेड पंख्यांच्या जाळ्या आणि ट्यूबलाइटच्या पट्ट्या रंगवायची. त्या वर्षाच्या सुरुवातीला अंधेरीच्या एका कॉम्प्युटर कंपनीचे गद्रे साहेब आले. बरोबर परदेशातल्या कॉम्प्युटरचं वरचं झाकण, आत काही नाही, रिकामा डबा. कॉम्प्युटर म्हणजे काय हे आमच्यात कोणाला धड माहीत नव्हतं. शत्रुघ्नच्या मते तो टीव्हीचा थोरला भाऊ. गद्रे साहेब म्हणाले, "मला अस्सा फिनिश पाहिजे. चकाकता नको, खरखरीत नको. दिव्याखाली ठेवला तर डोळ्यांवर येता कामा नये, आणि हात लावला की हात काढू नये असं वाटलं पाहिजे. आपल्याकडे अजून कोणी करून दिलेला नाही."

काकांनी त्या डब्यावरून तळहात फिरवला. पुन्हा फिरवला. म्हणाले, "अंड्याचं कवच."

"हो, तस्सं!" गद्रे साहेब खूश झाले.

तुळशीदासभाऊंनी त्याच संध्याकाळी आम्हाला सांगून टाकलं, "हा डबा पास झाला तर आपली शेड माणसांत येईल. नाही झाला तर बसा जन्मभर जाळ्या रंगवत." पण खरं सांगायचं तर भाऊंपेक्षा तो डबा काकांना पाहिजे होता. भाऊंना घर होतं, वाडी होती, पोरंबाळं होती. काकांना सकाळी उठून जायला ही शेड होती, आणि आता शेडमध्ये हा डबा.

काय पेटले म्हणून सांगू! इनेझबायच्या कोंबडीचं अंडं रोज खिशातून घेऊन यायचे. डाव्या हातात अंडं, उजवा हात पत्र्यावर, डोळे मिटलेले. मी म्हणायची, "काका, उबवताय की काय?" शत्रुघ्न खो खो हसायचा. काकाही हसायचे. पावडरचा थर कधी पातळ, कधी जाड. भट्टी कधी झपकन तापवलेली, कधी मंद. आणि त्यांची एक रीत होती. पत्रा हुकाला लागला की आधी त्यावरून उघडा तळहात फिरवायचा, मगच गन उचलायची. "पत्र्याची ओळख झाल्याशिवाय त्याला रंग कसा लावू?" म्हणायचे. ह्या डब्यापायी ते बोलायला लागले होते. मला, शत्रुघ्नला, रस्त्यावरच्या चहावाल्याला धरून धरून अंड्याचं कवच समजावून सांगायचे. रविवारीसुद्धा चर्च सुटलं की सायकल थेट शेडकडे. वॉचमन वैतागायचा. मीही एकदा ओरडले, "सुट्टीचं तरी घरी बसा की!"

"घरी बसून काय करू, बाय?" ते म्हणाले. 

हात लावल्यावर अंड्यासारखं वाटणं एक दिवस जमलं. पण डोळे पडायचे. डोळे म्हणजे रंगात बारीक बारीक खळगे, देवी येऊन गेलेल्या तोंडावर असतात तसे. पंख्याच्या जाळीवर असल्या खळग्यांकडे कोण बघतो? सपाट, बिनचमकेच्या डब्यावर मात्र ते लांबून दिसायचे. काकांना वाटायचं भट्टीचा ताप चुकतोय. पुन्हा ताप बदलायचे, पुन्हा डोळे.

मग एका सकाळी मी शेडमध्ये शिरले आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चाफा नव्हता.

"काका, तेल संपलं?"

"नाही, बाय. कालपासून आमचा उपवासाचा काळ लागला. राखेचा बुधवार झाला ना काल."

"मग? मटण सोडतात ना त्यात?"

"सगळे मटण-मच्छी सोडतात. ग्रेसी गेल्यापासून मला मटणाला चवच नाही, ते सोडून कसलं आलंय प्रायश्चित्त? जे सुटताना दुखतं ते सोडायचं." त्यांनी कोरड्या केसांवरून हात फिरवला. "ईस्टरपर्यंत तेल नाही. फादर म्हणाले, असलं कोणी सोडत नाही. मी म्हटलं, मी सोडतो."

मी कपाळाला हात लावला. ज्याला त्याला आपला देव, आपण कशाला नाक खुपसा?

आणि त्याच उपवासाच्या दिवसांत काकांचा डबा जमला. एक डोळा नाही, एक डाग नाही. दुधात चिमूटभर राख कालवावी तसा रंग, आणि हात लावला तर अंडं. काका म्हणाले, "भट्टी मंद तापवली, हेच ते. हेच चुकत होतं." पुन्हा केला, पुन्हा तसाच. गद्रे साहेब आले, नमुन्याचे डबे गाडीत घालून घेऊन गेले, आणि आठवड्यानं फोन आला की पास. कंपनीनं मोठ्या मालाची ऑर्डर दिली, माल ईस्टरनंतर द्यायचा.

तुळशीदासभाऊंनी पेढे आणले. काकांनी सवयीनं दोन उचलले, एक घरी न्यायला. एक खाल्ला आणि दुसरा हातात धरून उभे राहिले. मी बघत होते. मग त्यांनी तो शत्रुघ्नच्या हातावर ठेवला आणि गन पुसायला निघून गेले.

ईस्टर झाला. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये चाफा परत आला. मी दारातूनच ओरडले, "आला का सोडलेला परत!" काका लाजल्यासारखे हसले. केस कसे गुळगुळीत मागे बसवलेले. त्या दिवशी ते शीळसुद्धा घालत होते.

आणि मालाचे डबे भट्टीतून निघाले ते डोळे घेऊन. एकजात सगळे.

काकांचा चेहरा पडला. ताप तोच, थर तोच, भट्टी तशीच मंद. दुसरा घाणा, तेच. तिसरा, तेच. वर मे महिन्याचा उकाडा. भट्टीसमोर उभं राहिलं की माणसाच्या अंगाचं पाणी पाणी व्हायचं. गद्रे साहेब येऊन बघून गेले. म्हणाले, "पत्र्यावर कुठूनतरी तेल येतंय. तेल असल्याशिवाय असे खळगे पडत नाहीत." त्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. नाही जमलं तर काम भोसरीच्या एका शेडला जाणार होतं.

मग सुरू झाली तेलाची शोधाशोध. हवेच्या कॉम्प्रेसरमधून तेल येत असेल म्हणून तो पूर्ण उघडून पुसला. पावडरचं पिंप परत पाठवून नवं मागवलं. शेवटी खापर फुटलं शत्रुघ्नवर. भाऊ त्याच्यावर असे काही ओरडले! टाक्या नीट ठेवत नाहीस, पत्रा धुतोस की नुसता भिजवतोस, उद्यापासून येऊ नकोस. चोर सोडून संन्याशाला फाशी. तो बिचारा टाक्या उपसून उपसून, हाताची सालं निघेपर्यंत पत्रे घासत होता. काका कोणाशीच बोलेनात. खिशातलं अंडं बंद झालं. डब्यापायी उघडलेलं तोंड डब्यापायीच मिटलं. एकदा मी त्यांना पावडर उडवायच्या बूथमध्ये एकटंच पत्र्यासमोर उभं राहिलेलं पाहिलं. गन खाली ठेवलेली, आणि ते पत्र्याशी हळूहळू काहीतरी बोलत होते, त्यांच्या घरच्या बोलीत. मी तशीच मागे फिरले. 

दोन दिवसांनी मी एक धुतलेलं झाकण हुकाला लावलं. काकांनी रीतीप्रमाणे कपाळाचा घाम निपटला, झाकणावरून तळहात फिरवला आणि गनची नळी बघायला वळले. हूक तिरपा बसला होता म्हणून मी झाकण पुन्हा हातात घेतलं. नाकाजवळ आलं मात्र, मी थबकले.

सोनचाफा. लोखंडाच्या पत्र्याला.

आणि मग माझ्या डोक्यात सगळं एकदम लागलं. उपवासात तेल नाही, उपवासात डोळे नाहीत. अगं बाई! काखेत कळसा नि गावाला वळसा! अख्खी शेड तेल शोधतेय, आणि तेल आमच्या सगळ्यांच्या समोर, मागे वळवून बसवलेलं.

"काका," मी म्हटलं, "तुमच्या डोक्याचं तेल आहे हे."

"खुळी का काय तू?" त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला. "कुठंय तेल? कोरडा ठणठणीत आहे."

मला रागच आला. शत्रुघ्नची नोकरी जायची वेळ आली होती. मी म्हटलं, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" त्यांचा हात मनगटाला धरला, केसांवरून फिरवायला लावला आणि एका धुतलेल्या पत्र्यावर मधोमध दाबला. बोटं पसरून. मग म्हटलं, "आता उडवा पावडर. घाला भट्टीत."

भाऊ आले, शत्रुघ्न आला. आम्ही सगळे भट्टीच्या तोंडाशी उभे. पत्रा बाहेर निघाला, गार झाला. चहूकडे कसा स्वच्छ, अंड्यासारखा. आणि मधोमध डोळेच डोळे, आणि त्या डोळ्यांचा एक पंजा. पाच बोटं, तळवा, अंगठ्याचा उंचवटासुद्धा.

 भाऊ शत्रुघ्नच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर घेऊन गेले. काका आपल्याच पंज्याकडे बघत राहिले. मी जिंकले होते, पण मला त्याचं काडीचं बरं वाटलं नाही.

भाऊंना ते फार सोपं वाटलं. "एवढंच ना? काका, तेल बंद करा. तेलाचं काय एवढं?" मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प झाले. मी काकांना सुचवलं, टोपी घाला, हातमोजे घाला. तेही केलं. उकाड्यात टोपीखालून घामाची धार यायची आणि झुकले की थेंब टपकन पत्र्यावर. मग ठरवलं, फक्त रविवारी लावायचं आणि सोमवारी डोकं साबणानं धुऊन यायचं. सोमवारचे डबे तेवढे डोळ्यांचे निघाले. त्या केसांत तेल वर्षानुवर्षं मुरलेलं, एका धुण्यानं थोडंच जाणार?

शेवटी भाऊ जरा मऊ होऊन म्हणाले, "काका, दुसरा मार्ग आहे. गन गॅब्रिएलला देऊ. तुम्ही त्याला शिकवा, लांब उभं राहून सांगा. तेल लावा हवं तेवढं. पगार तोच." गॅब्रिएल भट्टीवर असायचा, हात बरा होता त्याचा. भाऊंच्या मनात काही वाईट नव्हतं.

काका शेडच्या मागे केळीच्या बुंध्यांपाशी जाऊन बसले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. म्हटलं, "गॅब्रिएलला देऊन टाका ना गन. डबा काय, लोखंडच ते."

त्यांनी तांब्यातलं घोटभर पाणी घेतलं. मग म्हणाले, "सकाळी तेल घेऊन बोटं केसांत घातली की वाटतं, तिचीच बोटं आहेत. दिवसभरात तेवढाच कोणाचा तरी हात लागतो मला."

मी पदर तोंडाला लावला.

"पण गन दिली," ते म्हणाले, "की मग सकाळी तेल लावून जायचं कुठं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती बाटली कागदात गुंडाळून सायकलच्या पिशवीतून आणली आणि माझ्या हातात दिली. "तुझ्या घरी ठेव. माझ्या घरात राहिली तर हात जाईल." केस त्यांनी पार बारीक करून आणले होते, न्हाव्याकडे जाऊन. मला क्षणभर ओळखूच आले नाहीत. डोकं लहान मुलाच्या डोक्यासारखं दिसत होतं, आणि मान एकदम म्हातारी.

माल वेळेवर गेला. एकही डबा परत आला नाही. पुढे दुसऱ्या कंपन्याही आल्या, भाऊंनी दुसरी भट्टी बसवली, शत्रुघ्न टाक्यांचा मुकादम झाला. सगळ्यांचं बरं झालं. बाटली मी स्वयंपाकघराच्या माळ्यावर, लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवली होती. माझी मुलगी एकदा घ्यायला गेली, तर तिच्या पाठीत धपाटा घातला.

आणि काका? काका पुन्हा गप्प झाले. काम तसंच, चोख. हाताची रीतही तशीच, आधी तळहात, मग गन. पुढच्या दोन्ही वर्षी उपवासाचा काळ आला. मी विचारायची, "यंदा काय सोडलं?" तर म्हणायचे, "आहेच सोडलेलं." ईस्टर यायचा, सगळं सांडोर नवे कपडे घालून, मटण-वडे करून सण करायचं. काका दुसऱ्या दिवशी कोरड्या डोक्यानं कामावर हजर. त्यांचा उपवास काही सुटला नाही.

एकदा ते वसई गावात बाजाराला गेले होते. तिथं कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता, चपला बाहेर काढून आत जायचं. दारातून त्यांना आमचा डबा दिसला. चपला काढून आत गेले आणि वरून हात फिरवला. शिकवणारी मुलगी म्हणाली, "अंकल, कोर्सची चौकशी करायची आहे का? मुलासाठी?"

"मग तुम्ही सांगितलंत का, की हा माझ्या हातचा आहे?" मी विचारलं.

"काय सांगू? ती घाईत होती. मी म्हटलं, नाही, चुकून आलो." मग म्हणाले, "पण बाय, तिनं बोलताना आपला हात त्या डब्यावर ठेवला होता. काढला नाही."

त्यानंतर वर्षभरातच त्यांना खोकला जडला. डॉक्टरांनी पावडरीत उभं राहायला मनाई केली. एकोणनव्वद सालच्या नाताळाआधी भाऊंनी शाल-श्रीफळ देऊन त्यांना निरोप दिला, आणि गन गॅब्रिएलच्या हातात गेली. मी त्या दिवशी कामावर मुद्दाम कोणाशी बोलले नाही. बोलले असते तर रडले असते, आणि रडताना मी फार वाईट दिसते.

दोन दिवसांनी, ऊन उतरायच्या सुमाराला, आमच्या ओट्यापाशी सायकल थांबली. काका. हातात वेलची केळ्यांची फणी. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, माझ्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली. केस पुन्हा वाढवलेले होते, मागे वळवण्याइतके. मला कळलं कशाला आलेत ते.

मी माळ्यावर चढले, बरण्या सरकवल्या, बाटली काढली. थंडीनं तेल गोठून पांढरं झालं होतं. काकांनी ती ओट्याच्या कडेला उन्हात ठेवली आणि आम्ही ते वितळायची वाट बघत बसलो. किती आनंदात होते! म्हणाले, "आता कुठला माल बिघडणार आहे?" मीही हसले. "लावा आता ठणकून. उशी भिजू दे."

तेल पातळ झालं. त्यांनी बूच काढलं, बाटली नाकाशी नेली. थांबले. पुन्हा नेली. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"मला काही येत नाही गं," ते हळूच म्हणाले. "पावडरीनं माझं नाक गेलं वाटतं. तू बघ. तुझं नाक तिखट."

त्यांनी बाटली माझ्यापुढे धरली. मी वास घेतला. खवट. भांड्याच्या तळाशी राहून गेलेल्या जुन्या खोबऱ्याचा असतो तसा, नुसता खवट. चाफ्याचं नाव नाही. ग्रेसी आमच्या घरात, लोणच्याच्या बरण्यांमागे बसून बसून निघून गेली होती. आणि काका माझ्या तोंडाकडे बघत होते, गद्रे साहेब डबा उलटा-सुलटा करायचे तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघायचे तसे.

मी आयुष्यात कोणाच्या आमटीला खोटं चांगलं म्हटलेलं नाही. सासूबाईंच्यासुद्धा नाही.

"येतो की, काका," मी म्हटलं. "चाफ्याचा. आत्ता उमलल्यासारखा."

त्यांच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी तळहातावर थोडंसं तेल घेतलं, दोन्ही हात एकमेकांवर चोळले आणि डोळे मिटून बोटं केसांत घातली. पार मानेपर्यंत. मी केळी आत ठेवायच्या निमित्तानं उठले, पण दारातच उभी राहिले.

"तुला येतो ना," ते डोळे न उघडताच म्हणाले, "मग झालं."

बाटलीचं बूच घट्ट लावून, कागदात गुंडाळून, त्यांनी ती पिशवीत ठेवली. मग सायकल घेऊन ते सांडोरच्या रस्त्याला लागले.